भरदुपारची रात्र

सुलात्रीनं पांगाऱ्याच्या दोन फांद्या केळीच्या आडव्या खोडात रोवल्या, त्यांच्यामध्ये पांढरं सूत ताणलं आणि टिचकी मारून पाहिलं. बाहुल्यांच्या दिवसाच्या खेळाला एवढंच लागतं. पडदा नाही, दिवा नाही, सावल्या नाहीत आणि खरं सांगायचं तर प्रेक्षकही नाहीत. खेळ देवांसाठी असतो, माणसं आपली नैवेद्याच्या गडबडीत असतात. आत्ताही देवळाच्या चौकात एकीकडे पुजाऱ्याची घंटा चालली होती आणि भोंग्यावरून कुणीतरी मोटरसायकली नीट लावा म्हणून ओरडत होतं.

तिच्या डाव्या हाताला रेंदाकाका मांडी घालून बसला. चाळीस वर्षं तो तिच्या बापाच्या शेजारी असाच बसला होता. हवी ती बाहुली हातात द्यायची आणि रात्रीच्या खेळात पडद्यामागच्या दिव्याला तेल घालायचं, हे त्याचं काम. बाप गेला तेव्हा बाहुल्यांची पेटी सुलात्रीला मिळाली, दिवा मात्र रेंदाकाकाच्या घरी गेला. रात्रीच्या खेळाला कोण बसणार ते रेंदा ठरवेल, असं बाप म्हणाला होता. त्याला आठ वर्षं झाली. रेंदाकाका ठरवतोच आहे.

"काका, पौर्णिमेच्या रात्रीच्या खेळाचं काय?"

"काय म्हणजे? पलीकडच्या गावच्या सूत्रधाराला विचारलंय. उद्या त्याला पक्कं कळवायचं."

"देऊळ आपलं, दिवा बाबांचा, आणि खेळ तो करणार?"

"पोरी, चार तास दिव्याचा धूर गिळत गायचं असतं. बाईच्या गळ्यात रात्र मावत नाही. आणि विदूषकांचे ते चावट विनोद कोण करणार? तू? सासूसमोर?"

मागे साथीला कांस्याच्या पट्ट्यांचं वाद्य घेऊन बसलेला दार्ता फिसकन हसला. "सासूच जास्त चावट आहे, काका. एकदा शेजारी बसून बघा तिच्या."

सुलात्री हसली नाही. आठ वर्षं ती उन्हात बसून देवांना गोष्टी सांगत होती. देवांनी कधी तक्रार केली नाही, पण कधी शाबासकीही दिली नाही. आज आपण विनवण्या करायच्या नाहीत, हे ती घरूनच ठरवून आली होती.

"आज रानातल्या रात्रीचा भाग घेतेय," ती म्हणाली. "सगळा."

"दिवसाढवळ्या? देव हसतील."

"हसू देत."

तिनं पायाच्या बोटांत धरलेली हातोडी पेटीवर आपटली आणि खेळ सुरू झाला. वाट चुकलेला राजपुत्र रानात शिरला. दिवसाच्या खेळात 'सूर्य मावळला, अंधार पडला' एवढ्यावर भागवतात, कारण ऐकतंय कोण! सुलात्रीनं तसं भागवलं नाही. तिनं आवाज खाली आणला. आधी पाखरं गप्प केली. मग पायवाटेचा पांढुरकेपणा पुसला. मग राजपुत्रानं स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला आणि त्याला तो दिसेना. पोटात राग होता, पण तो तिनं आवाजात येऊ दिला नाही. दार्ताचे ठोके आपोआप मंद झाले. भोंगा ओरडत होता, मुलं कंटाळून रडत होती, आणि ती वर न बघता एकेक झाड काळं करत गेली.

राजपुत्राला सुताला टेकवून ती थांबली. पुढची बाहुली घ्यायला तिनं डावा हात पसरला.

हातात काही आलं नाही.

असं कधी होत नसे. तिनं मान वळवली. रेंदाकाकाचा एक हात वर गेला होता, तिच्या डोक्याच्या पुढे, रात्रीच्या खेळात जिथं दिवा टांगलेला असतो तिथं. दुसरा हात गुडघ्यामागे चटई चाचपत होता. गोष्टीत नेमक्या याच जागी वात मंदावते आणि तेल घालावं लागतं. म्हातारा तेलाची बाटली शोधत होता.

वर केलेल्या हातावर बाराचं ऊन पडलं होतं. त्यानं हाताकडे पाहिलं, मग सुलात्रीकडे. तिनं पाहिलंय हे त्यालाही कळलं. गडबडीनं त्यानं हाताला लागली ती बाहुली पुढे केली. राजकन्या हवी होती, आला राक्षस. सुलात्रीनं तो घेतला आणि गोष्टीत राक्षस आला.

खेळ संपला. सुलात्री बाहुल्या एकावर एक रचत राहिली. दार्ताला मात्र राहवलं नाही.

"काका, त्या गावाला निरोप न्यायचाय ना उद्या? मी त्याच बाजूला जातोय."

"नको जाऊस."

रेंदाकाकानं सूत गुंडाळायला घेतलं. मग सुलात्रीकडे न बघता म्हणाला, "पाखरं गप्प झाल्यावर घाई केलीस. तिथं थांबायचं. तुझा बाप थांबायचा."

"किती वेळ?"

"ते आधी सांगता येत नाही. पौर्णिमेला माझं तेल ओतून झालं की बोलायला लाग."

सुलात्रीनं मान डोलावली आणि पेटीचं झाकण लावलं. या म्हाताऱ्यासमोर तिला रडायचं नव्हतं.