तीन फाटकं

रुग्णालयात मोफत औषधं मिळावीत म्हणून निघणाऱ्या मोर्चाची बातमी दोनदा आधीच फुटली होती, आणि पोलिसांनी तो अडवला होता. मोर्चा काढणाऱ्या रक्ततपासणीच्या ताईंचा आता कोणावरच भरवसा उरला नव्हता. तिसऱ्या खेपेला त्यांनी सापळा लावला. आपापली माणसं घेऊन यायला नर्सबाईंना पुढचं फाटक सांगितलं, ड्रायव्हरदादांना मागचं आणि धाकट्या जावेला बाजूचं. ज्याच्या फाटकावर पोलीस येतील, तो फितूर.

सकाळी त्यांनी गच्चीवरून पाहिलं. पोलीस कुठेच नव्हते. तिन्ही फाटकांवर माणसं मात्र ताटकळत उभी होती आणि एकेक करून घरी परतत होती.

जावेचा फोन आला. "ताई, बाकीचे फिरकलेच नाहीत. ती नर्सबाई आतून पोलिसांना सामील आहे, मी सांगते तुम्हाला."