काळ्या पाण्याचा जिताडा

माझ्या सासूच्या, म्हणजे आक्काच्या, आजेसासऱ्याला खुनाच्या गुन्ह्यात काळ्या पाण्यावर धाडलं. तो परतेपर्यंत त्याचा आवडता जिताडा घरात शिजवायचा नाही, असं त्याच्या आईनं ठरवलं. तो आलाच नाही. खाडीकाठच्या कोन गावात राहूनही आमच्या घरानं तो मासा पुन्हा चाखला नाही. ‘बिचारा उपाशीच मेला असंल,’ आक्का म्हणायची.

काल अंदमानातून त्याची पणती उन्नती आली. तिनं जुना फोटो दाखवला, तो सुटून तिकडंच संसार थाटल्यानंतरचा. पांढऱ्या मिशांचा म्हातारा, भोवती नातवंडं, हातात भलामोठा जिताडा.

आक्कानं डोळे पुसले आणि कडाडली, “आज्या तिकडं पोटभर जेवत व्हता, आन् आम्ही इथं तोंड बांधून! सूनबाय, ऊठ, बाजारात जा. याच्यापेक्षा मोठा आण!”