बोरमळा फाट्याचा अर्ज

राधाकृष्ण मास्तरांनी शाळेच्या फलकावर आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'उन्हाळी सर्जनशील लेखन शिबिर. वय तेरा ते सतरा. दहा दिवस, सकाळी आठ ते बारा. या, प्रतिभेची कवाडे उघडा!' एकाहत्तर सालचा मे महिना होता. पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या शेवरगावात तीन दिवस त्या फलकापुढं एक शेळी सोडून कुणी उभं राहिलं नाही.

चौथ्या दिवशी गावचा बाजार होता. शाळेचा शिपाई पुंजाराम याला मास्तरांची दया आली. त्यांना न विचारताच तो बाजारात गेला आणि मिरच्यांच्या ढिगाशेजारी उभा राहून ओरडला, "हायस्कुलात फुकट लिवायला शिकवनार हायेत! तलाठ्याचा अर्ज, मामलेदाराचा अर्ज, नोकरीचा अर्ज! पोरं धाडा, पोरी धाडा!"

सोमवारी सकाळी एकोणीस मुलं हजर. मास्तरांना भरून आलं. या माळरानात प्रतिभेची एवढी तहान असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

मास्तर स्वतः वीस वर्षं कविता लिहीत होते. दर महिन्याला पुण्या-मुंबईच्या मासिकांना पाठवत आणि मासिकं तेवढ्याच नेमानं त्या परत पाठवत. आता आपलं राहिलं ते या मुलांकडून व्हावं, अशी त्यांची इच्छा होती. पहिल्या दिवशी त्यांनी विषय दिला, 'मी फुलपाखरू झालो तर'. एका मुलानं लिहिलं, 'मी फुलपाखरू झालो तर उडेन. मग दमेन. मग बसेन.' बाकीच्यांनी त्याचंच उतरून घेतलं. दुसऱ्या दिवशी विषय होता 'चांदण्यातील नौकाविहार'. नौका म्हणजे काय हे सांगण्यातच नऊ वाजले, आणि ती चालवायला एवढं पाणी कुठं असतं हे सांगण्यात दहा.

तिसऱ्या दिवशी अकराच मुलं आली. मास्तर 'पारिजातकाचे मनोगत' फळ्यावर लिहीत होते, एवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. बोरमळा वस्तीवरची झुंबरबाई. तिची लंका वर्गात पहिल्या रांगेत बसली होती. नववीतली, काटकुळी, दोन कोस चालत येणारी.

"गुरुजी, अर्जाचं कवा शिकवनार?"

"कसला अर्ज?"

"आता! पुंजारामानंच सांगितलं की बाजारात. म्हनून तर पोरीला कामावरून सोडलंय. आन ही घरी येऊन सांगती, आज आमी फुलपाखरू झालो."

मास्तरांनी पुंजारामाकडं पाहिलं. पुंजाराम लगबगीनं घंटेची दोरी तपासू लागला. मास्तरांचा चेहरा उतरला. तरी ते म्हणाले, "बाई, अर्ज कुणीही लिहील. मी त्यांना साहित्य शिकवतोय."

"ते बी शिकवा की. पन आदी अर्ज शिकवा," झुंबरबाई म्हणाली आणि गेली.

अकरांचे पाच झाले तर शिबिर बंद पडेल, हे मास्तरांनाही कळत होतं. चौथ्या दिवशी त्यांनी पारिजातक पुसला आणि नाइलाजानं म्हणाले, "ज्याला ज्याच्याकडे जे मागायचं आहे, त्याचा अर्ज लिहा."

वर्गात अशी शांतता पसरली की टाकांचं करकरणं ऐकू यावं. चार ओळींवर दमणारी मुलं पानं मागू लागली. एकानं बापाला अर्ज केला, आपलं गोऱ्हं घोडेगावच्या बाजारात नेऊ नये, कारण ते फक्त अर्जदाराच्याच हाका ओळखतं. एकीनं मामाला अर्ज केला, की मामाच्या पोराशी लग्न करायला हरकत नाही, पण त्यानं आधी नाक पुसायला शिकावं. लंकेनं एस.टी.च्या डेपो मॅनेजरला लिहिलं:

'कारणे अर्ज करते की, सकाळची सातची गाडी बोरमळा फाट्यावर थांबत नाही. पण हळू होते. कारण ड्रायव्हरमामांना तिथं तंबाखू थुंकायची असते. तेवढ्यात गडीमाणसं उडी मारून चढतात. बायांना लुगडं सावरून उडी मारता येत नाही. माझ्या आजीनं मारली, ती आता काठी घेऊन चालते. मामा माणूस चांगला आहे. त्या दिवशी त्यांनी गाडी थांबवून आजीला उचललं आणि सांडलेली बाजरीसुद्धा वेचू लागले. तरी थुंकायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ गाडी थांबवावी. तेवढ्यात आम्ही चौदा जणी चढतो. शेताच्या बांधावर चढून मोजून बघितलं आहे.'

मास्तरांनी लाल पेन्सिल उचलली. "आशय बरा आहे," ते म्हणाले, "पण भाषा रुक्ष आहे. इथं 'वाटसरूंच्या आर्त हाका' असं घाल. आणि थुंकी काढ. साहित्यात थुंकी येत नाही."

"गुरुजी, थुंकी काढली तर गाडी हळू का हुती ते सायबाला कसं कळंल?"

मास्तरांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. पोरीच्या अर्जाला कोण विचारतो म्हणून त्यांनी खाली 'शिफारस' असं लिहून सही केली, शाळेचा शिक्का मारला आणि पुंजारामाबरोबर तो डेपोत धाडून दिला. मग ते विसरूनही गेले.

आठव्या दिवशी सव्वासातच्या सुमारास बस शाळेच्या फाटकासमोर करकचून थांबली. मास्तर नुकतेच शाळा उघडत होते. आत प्रवासी तसेच बसलेले, आणि ड्रायव्हर कारभारी खाकी कपड्यांत व्हरांड्यात. माणूस दरवाजाएवढा.

"माझ्या थुंकीवर कुनी लिवलं?"

मास्तर आपल्या नकळत व्हरांड्यातल्या खुर्चीमागं गेले. "काय झालं?"

"मेमो झाला! सायेब म्हनतो, चालत्या गाडीतून थुंकतोस, खुलासा दे. एकोनीस वर्सं गाडी हाकतोय, एक डाग न्हाई. आता मी बोरमळ्याला थुंकतच न्हाई. सुसाट काढतो गाडी."

तेवढ्यात लंका घामाघूम होऊन फाटकातून आत आली. वस्तीनं तिला आदल्या दिवसापासून धारेवर धरलं होतं. गाडी हळू होईना म्हणून उडी मारणारे गडीसुद्धा मागं राहिले होते. बस बघून ती थबकली, मग सरळ पुढं आली.

"मी लिवलं. पन थुंकू नगा असं मी कुटं लिवलंय? तुमी थुंका की, मामा!"

"मामा म्हनती वर!"

"तुमी अर्ज वाचला का?"

कारभारीनं फक्त मेमो वाचला होता. लंकेनं दप्तरातून कच्चा कागद काढला आणि उभ्या उभ्या वाचून दाखवला. आजी पडली तिथं कारभारीनं मान खाली घातली. बाजरी वेचल्याचं आलं तेव्हा त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. बसमधल्या लोकांनी खिडक्यांतून माना बाहेर काढल्या होत्या.

"कशी हाय आता म्हातारी?"

"शिव्या देती. म्हंजी बरी हाय."

कारभारी हसला. "पोरी, तुझा अर्ज झ्याक हाय. पन आमचा सायेब थुंकीपाशीच थांबला, फुडं वाचलंच न्हाई त्यानं. म्हातारी आदी लिव. बाया मग लिव. थुंकी लिवूच नगं, 'तिथं गाडी तशीबी हळू हुती' एवढंच लिव. आन खाली माझी बी सही घे."

मास्तर खुर्चीमागून ऐकत होते. एवढं नेमकं संपादन त्यांच्या कवितेचं कधी कुणी केलं नव्हतं. लंका तिथंच पायरीवर बसून लिहू लागली. प्रवाशांतल्या दोघातिघांनी उतरून आपल्याही सह्या ठोकल्या. मास्तरांनी पुन्हा शिफारशीची सही करून शिक्का मारला आणि कारभारीच तो अर्ज डेपोत घेऊन गेला. गाडी त्या दिवशी पाऊण तास उशिरा गेली आणि त्याबद्दल मात्र कुणीच तक्रार केली नाही.

शिबिर संपलं. समारोपाला मास्तरांनी सगळे अर्ज मोठ्यानं वाचायला लावले. गोऱ्ह्याच्या अर्जाला एक म्हातारा शेतकरी डोळे पुसत होता, ते बघून मास्तरांना बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

जूनमध्ये डेपोची ऑर्डर आली: 'श्री. राधाकृष्ण, सहशिक्षक, यांच्या अर्जास अनुसरून बोरमळा फाटा येथे विनंती थांबा मंजूर.' शिक्का मास्तरांच्या शाळेचा, सही मास्तरांची. साहेबानं त्यांनाच अर्जदार धरलं. सरपंच आप्पासाहेबांनी फाट्यावरच सत्कार ठेवला. शाल, नारळ, झेंडूचा हार. लंका बायांच्या घोळक्यात आईजवळ उभी होती.

मास्तर बोलायला उठले. रात्रभर त्यांनी ठरवलं होतं, खरं ते सांगायचं. पण समोर दीडशे माणसं, गळ्यात हार. घसा खाकरून ते म्हणाले, "बंधुभगिनींनो, हे शब्दसुमन माझ्या वेलीवर उमललेले नव्हे! मी केवळ त्याचा सुगंध वाहून नेणारी वाऱ्याची झुळूक. त्या इवल्या कळीस माझे शतशः वंदन!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आप्पासाहेब शेजारच्याला म्हणाले, "बगा, मोटी मानसं कशी असत्यात. केलेलं बी आपलं म्हनत न्हाईत."

लोक पांगल्यावर लंका जवळ आली. "गुरुजी, ते कळीचं काय म्हनत हुता?"

"मी म्हणालो, अर्ज तू लिहिलास."

"व्हय?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. "मला वाटलं, तुमी कविता म्हनताय."

मास्तरांनी नारळ तिच्या हातात दिला. झुंबरबाई धावत आली. "आगं, गुरुजींचा मान हाय त्यो, दे माघारी!"

"राहू द्या, बाई. तिचाच आहे."

"लई मोटं मन तुमचं," झुंबरबाई म्हणाली आणि वाकून नमस्कार केला.

मास्तर अवघडून उभे राहिले. त्यांनी शाल खांद्यावरून काढली, क्षणभर लंकेकडं पाहिलं. मग शालीची नीट घडी घातली, काखेत मारली आणि उन्हातून शेवरगावची वाट धरली.