अनोळखी माणसाला सापडायला हवं

शाळांच्या वेबसाइट सांभाळणाऱ्या शिक्षकांना साइटताई पहिल्याच दिवशी एक वाक्य पाठ करायला लावायची. "अनोळखी माणसाला हवं ते तीन क्लिकमध्ये सापडायला हवं." नुसतं लिहून घ्यायला नाही, एकसुरात म्हणायला लावायची. जन्मभर दुसऱ्यांकडून पाढे म्हणवून घेतलेली ती मंडळी आधी लाजायची, एकमेकांना कोपरानं ढोसायची आणि मग खणखणीत आवाजात म्हणायची.

ती शिक्षण कार्यालयाच्या मदतकक्षात होती. कुठल्याही शाळेची साइट रुसली की फोन तिच्याकडे यायचा. आता शाळेत साइटचं काम कुणाच्या गळ्यात पडतं? बैठकीला जो गैरहजर असेल त्याच्या. त्यामुळे तिच्या वर्गात ग्रंथपालबाई असत, शिवणाच्या बाई असत, गळ्यात शिट्टी तशीच ठेवून आलेले खेळाचे सर असत. आणि चित्रकलेचे सर.

चित्रकलेच्या सरांवर तिचा जीव होता. निवृत्तीला टेकलेले, बोटांच्या पेरांत रंग कायमचा मुरलेला. पहिल्या प्रशिक्षणात ते माऊसला हात लावण्याआधी हात धुऊन आले होते. "ताई, माझ्याकडून काही उडालं तर?" असं दर दहा मिनिटांनी विचारायचे. तिनं त्यांना बोट धरून शिकवलं. आणि एका बाबतीत त्यांनी सगळ्यांना मागे टाकलं. साइटवर फोटो टाकला की त्याच्यामागे त्याचं शब्दांत वर्णन लिहायचं असतं. ते पानावर दिसत नाही, पण ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचा संगणक ते मोठ्यानं वाचून दाखवतो. बाकीचे लिहायचे, 'मैदानावर मुले.' खेळाच्या सरांनी एकदा नुसतं 'फोटो' असं लिहिलं होतं. चित्रकलेचे सर मात्र लिहायचे ते चित्र काढल्यासारखं.

त्या दिवशीचं प्रशिक्षण त्यांच्याच शाळेत होतं, पहिल्या मजल्यावरच्या संगणकाच्या खोलीत. साइटताईनं कौतुकानं त्यांचंच पान मोठ्या पडद्यावर लावलं. चित्रकला स्पर्धेचं पान. फोटोत एक मुलगी पाठमोरी बसून चित्र काढत होती. मुलांचे चेहरे दिसू द्यायचे नाहीत हा नियम सरांनी तंतोतंत पाळला होता.

"आता सगळ्यांनी डोळे मिटा," साइटताई म्हणाली आणि तिनं वाचणारा आवाज सुरू केला.

यंत्राचा सपाट आवाज खोलीत घुमला. "पाठमोरी बसलेली मुलगी. निळा गणवेश. दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली. डावखुरी आहे. समुद्र रंगवते आहे, पण पाणी हिरवं आहे, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे तिनं पाहिलेला समुद्र हिरवाच होता." मग मुलीचं नाव. आडनावासकट. इयत्ता, तुकडी.

टाळ्या पडल्या. "सर, तुम्ही तर कादंबरीच लिहा," ग्रंथपालबाई म्हणाल्या. सर कानापर्यंत लाल झाले. साइटताईनंही टाळ्या वाजवल्या. नाव ऐकताना तिला काहीतरी टोचलं होतं, ब्लाउजमध्ये राहिलेल्या टाचणीसारखं, पण टाळ्यांच्या भरात ती पुढे गेली.

दार किलकिलं झालं. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, दारात उभ्या होत्या. एरवी त्या खोलीत शिरायच्या आधी त्यांचा आवाज शिरायचा. आज त्यांनी नुसतं बोट हलवून दोघांना बाहेर बोलावलं. ताईला आणि सरांना.

ऑफिसात एक बाई उभी होती. खुर्ची दिली होती तरी उभी. अंगावर दवाखान्यातल्या मदतनिसाचा पांढरा कोट, पायांत तिथल्याच रबरी चपला.

"ही तिची आई," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्या समुद्रवालीची."

आई सरांकडे बघत होती. रागानं नाही, त्याहून वाईट. ओळख पटवत असल्यासारखी. "माझ्या बहिणीचा फोन आला," ती म्हणाली. "तो तिच्या घरी जाऊन हसत हसत सांगून गेला. म्हणाला, पोरगी सापडली. तिचं नाव टाकून रोज शोधत होतो, आज शाळेची साइट आली. सकाळीच निघालाय तो."

कोण तो, हे कुणी विचारलं नाही. नवरा, मुलीचा बाप. कोर्टाचा हुकूम होता की त्यानं दोघींच्या जवळ फिरकायचं नाही. त्या हुकमाची प्रत आईच्या पर्समध्ये चार घड्या घालून होती आणि मानेवर, कोटाच्या कॉलरखाली, ज्या कारणानं तो मिळाला होता ते कारण होतं.

"पण मी चेहरा दाखवला नाही हो," सर म्हणाले. "पाठमोराच घेतला. नावसुद्धा पानावर नाहीये. ते फक्त... ते फक्त ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी..."

साइटताईला आत्ता उमगलं. शोधयंत्रालाही डोळे नसतात. त्याला फोटो कळत नाही, शब्द कळतात. सरांनी जे आंधळ्या माणसासाठी मायेनं लिहिलं होतं, ते सगळ्यात आधी त्या यंत्रानं वाचलं होतं. आणि मायेनं लिहा, भरभरून लिहा, असं कुणी शिकवलं होतं?

"चूक तुमची नाही, सर," ती म्हणाली.

"चूक कुणाची ते नंतर वाटून घ्या," मोठ्या बाई म्हणाल्या. "पोलिसांना सांगितलंय. पाठवतो म्हणालेत. कधी, ते नाही म्हणाले. पोरगी वर्गात आहे. शाळा साडेचारला सुटते. तोवर काय करायचं ते बोला."

साइटताईनं मोठ्या बाईंचा संगणक स्वतःकडे ओढला. आधी तिनं फोटो आणि वर्णन दोन्ही उडवलं. नुसतं पानावरून काढून चालत नाही, मागच्या साठ्यातूनही काढावं लागतं. तेही काढलं. मग तिनं पाहुण्यांचं पान उघडलं. साइटवर आत्ता कोण आहे, कुठून कुठे गेलं, ते तिथे दिसतं. माणूस दिसत नाही, नुसती त्याची वाट दिसते.

दुपारी शाळेची साइट ओसच असते. एकच पाहुणा होता, एकच ठिपका.

सकाळी तो आला होता, थेट चित्रकला स्पर्धेच्या पानावर. तिथे बराच वेळ थांबला होता. मग एक क्लिक, 'शाळेची वेळ'. दुसरं क्लिक, 'शाळेत कसे याल'. तिसरं, 'फाटक आणि वाहनतळ'. त्या पानावर नकाशा होता. पालकांनी मुलांना घ्यायला कुठे उभं राहायचं, तिथे सरांनी स्वतः लाल बाण काढला होता.

तीन क्लिक. एकही चुकलं नव्हतं. कुठे अडखळला नव्हता, मागे वळला नव्हता. असा पाहुणा प्रशिक्षणात दाखवायला मिळाला असता तर तिनं पेढे वाटले असते.

आणि तो आत्ताही साइटवर होता. 'शाळेची वेळ' उघडून बसला होता.

"मामांना बोलवा," आई एकदम म्हणाली. तिला पडद्यावरचं काही कळत नव्हतं, पण ताईचा चेहरा कळत होता. "फाटकावरच्या मामांना विचारा, बाहेर कोण आहे."

मामा आले, टोपी हातात घेऊन. "माणूस नाही कुणी," ते म्हणाले. "एक गाडी लागलीय समोर, झाडाखाली. राखाडी. काचा काळ्या. मी म्हटलं असेल कुणी पालक, लवकर आला असेल."

आई खिडकीच्या पडद्याच्या फटीतून बघायला गेली आणि भिंतीला टेकली. "त्याच्याकडे अशी नव्हती," ती म्हणाली. "पण भाड्यानं घेतली असेल. किंवा नसेलही तो. मला सांगता येत नाही. मला काहीच सांगता येत नाही."

फाटक एकच होतं. मोठ्या बाईंची गाडी आतच होती, पण रस्ता रिकामा होता. तो त्या गाडीत असेल तर बाहेर पडणारं प्रत्येक चाक त्याला दिसणार होतं. नसेल, तर त्या निष्पाप गाडीला घाबरून मोलाचा वेळ जाणार होता. थांबावं तर साडेचारला तो लाल बाणावर येऊन उभा राहणार.

साइटताई संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सर, लाल पट्टीची सूचना टाकायला शिकवलं होतं ना? तातडीची?"

"हो. सगळ्यात वर येते ती."

"टाका. आज रंगीत तालमीमुळे शाळा सहाला सुटेल."

सर बसायला गेले आणि थबकले. "पण हे खोटं आहे, ताई. तुम्हीच म्हणायच्या, साइटवर खोटी वेळ म्हणजे..."

"पालकांच्या पाठीत सुरा. माहितीये. मीच म्हणायची."

"बाकीच्या पालकांना मी वर्गशिक्षकांकडून निरोप देते," मोठ्या बाई म्हणाल्या. फोन त्यांच्या हातात आलाही होता. "सर, लिहा. आणि तेवढं शुद्ध लिहा, नाहीतर त्याला संशय यायचा."

सरांनी लिहिलं. एकही अक्षर चुकलं नाही. शेवटचं बटण दाबायच्या आधी सवयीनं त्यांनी ताईकडे बघितलं. ती मान हलवते का ते पाहायला. तिनं हलवली.

पट्टी वर गेली. पाहुणा जागेवरच होता.

"तो बघेल कशावरून?" आईनं विचारलं.

"वाट बघणारा माणूस पुन्हा पुन्हा बघतो," ताई म्हणाली. हे तिला साइटमुळे कळलं होतं, का स्वतःच्या आयुष्यातून, ते तिनं सांगितलं नाही.

पलीकडच्या वर्गात मुलं काहीतरी मोठ्यानं वाचत होती, एक सूर पुढे, एक मागे. मामा खिडकीच्या कडेला उभे, बाकी सगळे संगणकाच्या पडद्याला चिकटलेले. पंख्याच्या वाऱ्यानं टेबलावरचा कागद उडाला तेव्हा सगळेच दचकले.

पडद्यावरचा ठिपका हलला. त्यानं पान पुन्हा उघडलं होतं.

आणि खिडकीतून मामा म्हणाले, "गाडी चालू झाली."

आईनं तोंडावर हात घेतला. राखाडी गाडी झाडाखालून मागे सरली, वळली आणि निवांतपणे, अजिबात घाई नसल्यासारखी, कोपऱ्यावरून नाहीशी झाली. मघापर्यंत ते कदाचित होतं. कदाचित तो असेल, कदाचित नसेल. आता कदाचित उरलं नव्हतं. तो इथेच होता. दुपारभर, वीस पावलांवर.

"निघा," मोठ्या बाई म्हणाल्या. आता त्यांचा नेहमीचा आवाज आला.

मुलीला वर्गातून आणलं. दोन वेण्या, हातात ब्रश तसाच. "बाई, माझं चित्र ओलं आहे अजून," ती म्हणाली. मग तिनं आईकडे बघितलं, आईच्या चेहऱ्यावर काय ते वाचलं आणि मुकाट्यानं गाडीत मागच्या सीटखाली जाऊन मुडपून बसली. तिला कुणी सांगावं लागलं नाही. साइटताईला त्या सगळ्या दिवसात सगळ्यात जास्त भीती वाटली ती ते पाहून. आई तिच्याशेजारी आडवी झाली, वर गॅदरिंगचा मखमली पडदा टाकला, आणि मोठ्या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा गाडी दुसऱ्या गिअरवरून वर नेली.

साडेचारला शाळा सुटली. पालक आले, कुरकुरले, "साइटवर सहा, फोनवर साडेचार, ठरवा बाई एकदा काय ते," म्हणाले आणि पोरं घेऊन गेले. प्रशिक्षणाची मंडळीही पांगली. पोलीस अजून आले नव्हते. साइटताई फाटकापाशी मामांबरोबर थांबली. का थांबली, तिलाच कळत नव्हतं. निदान कुणीतरी थांबायला हवं होतं.

सहाला बराच वेळ असताना तो चालत आला. साधा माणूस. इस्त्रीचा शर्ट, हातात रंगपेटी, भेटीच्या कागदात गुंडाळलेली. तो लाल बाणाच्या जागी नेमका उभा राहिला आणि रिकाम्या मैदानाकडे बघू लागला.

"तालीम आत चालू आहे का?" त्यानं अदबीनं विचारलं. "आवाज येत नाही मुलांचा."

"आत आहे," साइटताई म्हणाली.

"तुम्ही शिक्षिका?"

"नाही. मी वेबसाइटचं बघते."

"अरे वा." तो मनापासून हसला. "छान आहे हो साइट. मी बाहेरगावचा, पण सगळं पटकन सापडलं."

तेवढ्यात कोपऱ्यावर पोलिसांची जीप वळली. त्यानं तिकडे बघितलं, मग ताईकडे, मग रिकाम्या मैदानाकडे. हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून निघून गेलं. तो पळाला नाही. रंगपेटी त्यानं तिच्या हातात दिली, निरोप द्यावा तशी, आणि जीपकडे स्वतःच चालत गेला. त्यांनी त्याला नेलं. किती दिवस ठेवतील, ते शिपायालाही सांगता येईना.

मोठ्या बाईंचा निरोप आला होता. 'पोचलो. कुठे ते विचारू नका.' तिनं विचारलं नाही.

वर संगणकाच्या खोलीत चित्रकलेचे सर एकटेच बसले होते. त्यांनी साइटवरचं एकेक वर्णन उघडून नावं पुसायला घेतली होती. सोबत वेण्या पुसल्या, रिबिनी पुसल्या, कोण डावखुरं ते पुसलं. एका फोटोपाशी 'मैदानावर मुले' एवढंच उरलं होतं.

"नावं काढा, सर," ताई हळूच म्हणाली. "सुटलेली रिबीन राहू द्या. ती कुणाचीही असू शकते."

त्यांनी बराच विचार केला. मग एक रिबीन परत लिहिली.

"वेळ साडेचार करू ना?"

"करा."

लाल पट्टी गेली. मंडळींनी पाठ केलेलं वाक्य फळ्यावर अजून तसंच होतं. ती ते पुसायला उठली, आणि जाता जाता सवयीनं पडद्यावर नजर टाकली. एक पाहुणा आला होता. 'शाळेची वेळ' उघडून बसला होता. कुणीतरी आई असेल, उद्याची वेळ बघत असेल. नक्कीच असेल.

डस्टर हातात धरून ती उभी राहिली, तो ठिपका जाईपर्यंत.