महाराणीची आवडनिवड

आमच्या रानमांजरीला दाट झाडीचा तिटकारा आहे, असं माझं मॉडेल सांगत होतं. मॉडेल म्हणजे काही जादू नव्हे. मांजरीच्या गळ्यातला पट्टा दर तासाला तिचा ठावठिकाणा कळवतो. ती गेली ते ठिपके एकीकडे, जाऊ शकली असती ते दुसरीकडे. दोन्ही ताडून पाहिलं की आवडनिवड कळते. ताटात काय उरलं ते बघून आई ओळखते ना, तसंच.

ऑफिसात तिला सगळे महाराणी म्हणतात. महाराणी दाट झाडीत फिरकतच नाही, तर जंगलातला नवा रस्ता तिथून न्यायला काय हरकत? तसा नकाशाही मी काढला होता. दुपारी बैठक होती. साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "आज नकाशा मंजूर झाला की तुझी नोकरी कायम." चार वर्षं मुदतवाढीवर काढली होती मी. सकाळपासून जमिनीवर पाय नव्हते.

तेवढ्यात आईचा फोन. "अगं, तुझे बाबा गायब झालेत! फोनवर त्यांचा ठिपकाच दिसत नाही!" बाबांच्या आजारपणापासून ती त्यांच्यावर असा पहारा ठेवते. मी घाबरले, पण दहा मिनिटांत तिचाच पुन्हा फोन. "सापडले एकदाचे! त्या तळघरातल्या घड्याळजीकडे बुद्धिबळ खेळत बसलेत. तिथे रेंजच नाही म्हणे. माझा इथे जीव जातोय आणि यांना वजीर वाचवायचाय!"

मी खो खो हसले. आणि हसता हसता पट्ट्याच्या नोंदी पुन्हा उघडल्या.

पट्ट्याचे कितीतरी तास कोरे होते. बिघाड म्हणून मी ते गाळून टाकले होते. आता एकेक उघडून बघितला. कोऱ्या तासांआधीचा शेवटचा ठिपका दाट झाडीच्या कडेला, नंतरचा पहिलाही कडेलाच. सगळीकडे तेच! दाट पानांखालून पट्ट्याला रेंज मिळत नव्हती. बया तिथेच ठाण मांडून होती, आणि मी म्हणत होते फिरकत नाही.

गप्प बसावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण बैठकीत नकाशा पडद्यावर आला आणि माझ्याच्याने राहवेना. "हा नकाशा चुकलाय," मी म्हटलं.

रस्तेवाले इंजिनिअर वैतागले. "म्हणजे मांजर झाडीत आहे? पुरावा काय?"

"पुरावा नाही. पण ती तिथे नाही, याचाही नाही. कॅमेरे लावू द्या."

बैठक मोडली, पण कॅमेरे लावायचं ठरलं. साहेब लालबुंद झाले होते. "कायम नोकरीचं विसर आता," एवढंच म्हणाले. मी बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडले.

पुढच्या आठवड्यात कॅमेऱ्यातली चित्रं उघडली आणि मी किंचाळलेच, "अगं बाई गं!" सगळं ऑफिस धावत आलं. दाट झाडीत, पडलेल्या ओंडक्याखाली महाराणी पसरलेली, आणि तिच्या अंगावर धुडगूस घालणारी तीन पिल्लं.

साहेबांनी वाकून पिल्लं मोजली. मग म्हणाले, "तुझ्या नोकरीचं मी वरती पुन्हा लिहितो."

"लिहा की," मी म्हटलं, "पण आधी रस्त्याचं लिहा."