रुईचं सुतक

माझ्या भावाचं तिसरं लग्न एका झुडपाशी लागलं आणि त्या लग्नात मी करवली होते. हसा, खुशाल हसा. मीसुद्धा हसले होते.

भाऊ म्हणजे दगाभाऊ, माझा थोरला. आम्ही मूळचे धुळ्याकडचे, पण इकडं गुजरातेत, डिंडोलीत येऊन इतकी वर्षं झाली की आता गावाकडची कुत्रीसुद्धा आमच्यावर भुंकतात. घरात आम्ही अहिराणी बोलतो. ती तशीच सांगितली तर तुमच्या डोक्यावरून जाईल, म्हणून जमेल तशी शुद्धात सांगते. मी घरी बसून साड्यांवर टिकल्या लावते, भाषणं देत नाही, तेव्हा चुकलं तर चालवून घ्या.

दगाभाऊ लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, कामाला. मशीनच्या खडखडाटानं कान अर्धे गेलेत. माणसाला बाहेरचं ऐकू कमी यायला लागलं की तो आतल्या आत फार बोलतो, तसं त्याचं झालं. माझ्याकडे जेवायला बसला की मधेच पाण्याचा तांब्या हातात धरून विचारायचा, "मने, मी कोठे संपस?" मने म्हणजे मी, आणि बाकीचं म्हणजे, मी कुठं संपतो? "हा घोट मी प्यायलो. तो कुठवर पाणी, आणि कुठून दगा?"

"तू पगाराच्या दिवशी सुरू होतोस आणि दुसऱ्या दिवशी संपतोस," मी म्हणायचे. "गप जेव."

तो हसायचा नाही. त्याला खरंच उत्तर हवं असायचं.

त्याच्या दोन बायका गेल्या. पहिली वहिनी काविळीनं. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या बोअरला कपड्याच्या रंगाचं पाणी यायचं, कधी गुलाबी, कधी हिरवट. आम्ही गाळून प्यायचो, दुसरं काय करणार? दुसरी वहिनी पोटातल्या गाठीनं गेली. दोघींना लेकरू नाही, म्हणून दोन्ही वेळा अग्नी त्यानंच दिला, डोकंही त्यानंच भादरलं. मग लोक सुरू झाले. दगाच्या कुंडलीतच खोट आहे, बायका खातो हा. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला! तो घरी यायचा, स्टोव्हवर एकट्यापुरता भात लावायचा आणि भिंतीकडे बघत खायचा. भावाला असं खाताना बघणं फार वाईट असतं.

आणि मग सुंदराचं स्थळ आलं. वय छत्तीस, साड्यांचे धागे कापायचं काम करायची. बाप लवकर गेला, भावंडांना हिनंच वाढवलं, शिकवलं, त्यांची लग्नं लावली, आणि हिचं राहिलंय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. मोठ्यानं हसायची. पहिल्या भेटीत दगाभाऊनं तिलाही तेच विचारलं, माणूस कुठं संपतो. मी कपाळावर हात मारला. ती म्हणाली, "ते मला ठाऊक नाही, पण तुमचा चहा संपलाय, अजून देऊ का?" आणि माझा भाऊ हसला. खरं सांगते, त्या दिवशी मी मारुतीला नारळ बोलले. हे घर बसू दे, एवढंच मागितलं.

सुंदराच्या आईची एकच अट होती. तिसरी बायको टिकत नाही म्हणतात. म्हणून तिसरं लग्न रुईच्या झाडाशी लावायचं, लागलं की ती रुई कापायची, जे काही मरण असेल ते तिच्यासोबत जाऊ द्यायचं, आणि मग सुंदराशी चौथं लावायचं. जुनी रीत आहे. मी लगेच हो म्हणाले. झुडूपच तर आहे, त्यात काय एवढं?

रुळांच्या बाजूला मोकळा प्लॉट आहे, तिथं रुई माजलेली असते. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. शनिवारी मारुतीला पानं हवी झाली की तेवढी आठवण होते. त्यातली एक चांगली कमरेएवढी रुई भटजींनी निवडली. मी तिला हळद लावली, पिवळं फडकं गुंडाळलं. सुंदराचा भाऊ योगेंद्र आणि मी टॉवेलचा अंतरपाट धरला. भटजींनी मंगलाष्टकं म्हटली, सगळी, एकही कडवं गाळलं नाही. रस्त्यानं जाणारी दोन गुजराती पोरं थांबून मोबाइलवर शूटिंग करत होती. "आकडा साथे लगन!" म्हणून खिदळत होती. आकडा म्हणजे त्यांच्याकडं रुई. मीही तोंडाला पदर लावून हसत होते. दगाभाऊ हसत नव्हता. त्यानं फांदीला काळी पोत बांधली, ती अगदी हळू, पान दुमडू नये म्हणून.

"झालं," भटजी म्हणाले. "आता कापा, आंघोळ करा, आणि मागं न बघता घरी जा."

योगेंद्रनं कोयता पुढं केला. दगाभाऊनं घेतला, उभा राहिला, आणि खाली ठेवला.

"कसाले मारू हिले?" म्हणजे, कशाला मारू हिला?

"अहो, झाड आहे ते," भटजी म्हणाले.

"मग आत्ता लग्न कुणाशी लावलं?"

भटजी माझ्याकडे बघायला लागले, जसं काही मीच पढवून आणलंय. सुंदराची आई पुढं आली. बिचारी समजावणीच्या सुरात बोलत होती. "जावईबापू, ही उभी राहिली तर हिच्यावरचं माझ्या पोरीवर येईल."

"म्हणजे हिच्यात मरण राहू शकतं, हे तुम्ही मानता," दगाभाऊ म्हणाला, "आणि जीव राहू शकतो, हे मानत नाही."

तो घरी निघून गेला. लग्नाला आठवडा राहिला होता.

मी त्याला काय काय बोलले, विचारू नका. अक्कल गहाण ठेवलीस का, पन्नाशी आली, परत कोण देणार आहे तुला पोरगी! तो शांतपणे ऐकत होता, किंवा ऐकू येत नसेल. मग म्हणाला, "पहिली कशानं मेली, मने? आपण कपडा विणतो, तो रंगवतात, रंग पाण्यात सोडतात, पाणी जमिनीत जातं, ते तिच्या पोटात गेलं. यात मी कुठं संपलो आणि पाणी कुठं सुरू झालं, मला दाखव. आपली घाण आपण कायम दुसऱ्यावर ढकलतो, ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर. आधी पाण्यावर, आता या झाडावर. आणि ती परत आपल्याकडंच येते. मी नाही कापणार."

खोटं कशाला बोलू, त्याचं पटतही होतं. पण पटलेल्या गोष्टीनं घर बसत नाही ना!

शेवटी मीच सुंदराला बोलावून घेतलं. संध्याकाळी तिघं त्या प्लॉटवर गेलो. पिवळं फडकं अजून रुईला होतं.

"तुम्ही कापणार की नाही?" सुंदरानं सरळ विचारलं.

"तू हे मानतेस?"

"मी मानते की नाही ते सोडा. आई मानते, भाऊ मानतो, सगळी गल्ली मानते. उद्या मला साधा ताप आला तरी ते आधी इथं येऊन बघतील, ही उभी आहे का. मला त्या नजरेत संसार करायचा नाही."

"पण कापली, तर मी बायका मारतो हे मीच कबूल केलं."

"तुमच्या हातानं नको मग," ती म्हणाली. योगेंद्रचा कोयता तिनं पिशवीत आणला होता, ते तेव्हा कळलं. तिनं पदर खोचला, खाली वाकली आणि घाव घातला, परत घातला, रुई आडवी होईपर्यंत घालत राहिली. बुंध्यातून पांढरा चीक भळाभळा आला, तिच्या मनगटावर उडाला. मी ओरडले, "डोळ्याला हात लावू नको!" बाटलीतलं पाणी मी तिच्या हातावर ओतलं.

"झालं," ती म्हणाली. धाप लागली होती तिला. "आता रविवारी या."

मला वाटलं, सुटलो बाबा एकदाचे. मी घरी जाऊन शिरा केला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. दुपारी डबा घेऊन गेले, तर दारात बसलेला, डोकं भादरलेलं, मिशी काढलेली, अंगावर पंचा. चूल बंद.

"भाऊ, हे काय केलंस रे?"

"मंत्र लावून बायको केली," तो म्हणाला, "तर सुतकही पाळायला पाहिजे. दोघींचं पाळलं, तिनं काय घोडं मारलं?"

डिंडोलीत बातमीला पाय लागत नाहीत, ती उडत जाते. दिवस मावळायच्या आत योगेंद्र आला, भावाचं डोकं बघून थुंकला आणि गेला. "आम्ही लग्न मोडलं," एवढंच बोलून गेला. मी त्याच्या मागं पळत गेले, पाया पडले, चार दिवसांत केस येत नाहीत पण टोपी घालू म्हणाले. काय काय बोलले देव जाणे.

नंतर सुंदरा एकटी आली. मला वाटलं, ही समजून घेईल. ही वेगळी आहे. ती उंबऱ्याच्या बाहेरच थांबली, आत आली नाही. हाताला चिकाचे लाल चट्टे उठले होते.

"तुम्ही तिचं सुतक धरलंत," ती म्हणाली. "मग मी कोण झाले? जिनं मारली, तीच ना?"

"तसं नव्हतं माझ्या मनात."

"तुमच्या मनात पुष्कळ असतं. पाणी असतं, झाड असतं. मी कुठं होते?" तिचा आवाज फाटला. "उद्या मी मेले तर तुम्ही फार चांगले रडाल, मला खात्री आहे. पण मेल्यावर रडणारा नवरा घेऊन मी काय करू? जिवंतपणी माझ्या बाजूनं उभा राहणारा पाहिजे होता."

दगाभाऊ उठून उभा राहिला. ती थोडा वेळ थांबली, खरंच थांबली. त्यानं एक शब्द जरी काढला असता, तरी ती राहिली असती असं मला अजून वाटतं. मग ती गेली.

मी रडले, त्याला शिव्या घातल्या, तिलाही घातल्या, भटजींना तर जास्तच. तो सगळे दिवस पाळून कामावर गेला. सुंदराचं पुढं कामरेजकडं एका बिजवराशी झालं, ते लोकांकडून कळलं. बरंच झालं म्हणायचं.

परवा त्याच्याकडे डबा घेऊन गेले होते. केस परत आलेत, सगळे पांढरे. मी सहज विचारलं, "भाऊ, खरं सांग, तू बरोबर होतास का?"

"बरोबर होतो," तो म्हणाला.

मला राग आला. मी डबा आवरायला लागले. मग तो हळूच म्हणाला, "मने, कोयता धरला तेव्हा सुंदरानं आधी माझ्याकडं बघितलं होतं."

"मग?"

"ती घाबरेल व्हती. मला कळलं, तरी मी रुईकडंच बघत होतो."