पुण्यवानांचं बाकडं

संध्याकाळी बागेतल्या बाकड्याभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. पुण्यवान माणूस बसला की वरचा दिवा आपोआप लागतो, असं ज्योतबाबांनी जाहीर केलं होतं. "बाळांनो, दिवा तुमचे कपडे बघत नाही, अंतःकरण बघतो." पोट सावरत हलवाई बसला, दिवा लख्ख लागला. हडकुळा शिंपी बसला, अंधार.

बागेत दिवे बसवणारा वायरमन टिंगल करायलाच आला होता. लोकांनी त्या धिप्पाड देहाला ढकलून बसवलं आणि दिवा लागला. त्याने तिथल्या तिथे वायर तपासायला हवी होती. पण लोक पाया पडू लागले आणि गड्याने चक्क पाय पुढे केले. जन्मभर बुवांना शिव्या घातल्या, पण बुवा व्हायला वेळ लागला नाही.

मग त्याची बायको बसली. अंगाने काडी. दिवा ढिम्म.

"पापाची सावली," बाबा म्हणाले. "लेकरू हिच्यापासून लांब ठेवा."

वायरमनच्या आईने तान्ही नात सुनेकडून काढून घेतली. "हिला माहेरी पाठव. बाळ माझ्यापाशी राहील," घरी आल्यावर तिने सांगितलं. पुण्यवान मुलाने जेवणाचं ताट पुढे ओढलं.

"तुमचं वजन किती हो?" बायकोने विचारलं. "आणि शिंप्याचं?"

वायरमनने उचललेला घास ताटात परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांसमोर त्याच्या हत्यारांची जड पिशवी मांडीवर घेऊन बसली. दिवा लागला. पिशवी उतरवली, विझला.

"पिशवी फार पुण्यवान आहे," ती म्हणाली.

"लोखंडातही ईश्वरी अंश असतो," बाबांनी सावरलं.

उंदराने वायर कुरतडली असेल, असं म्हणायचा वायरमनला फार मोह झाला. पण आईच्या कडेवरची पोर बायकोकडे झेपावत होती. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने वीज बंद केली आणि बाकड्याच्या पायाखालची माती उकरली.

"हा जोड माझा. घाईत वायरी नुसत्या पिळल्या आणि टेप गुंडाळली. ओलीने ती सुटली. आता वजन पडलं की वायरी टेकतात, माणूस उठला की सुटतात."

माळ्याच्या खोलीतून वीज ओढून त्याने सोल्डरिंग सुरू केलं. आधी वायरीत स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकची नळी, ओवली, तांबं खरवडून चकचकीत केलं, घट्ट पिळलं, सोल्डर वितळून आत मुरेपर्यंत तापवलं. मग स्लीव्ह जोडावर सरकवून गरम करून आवळली, पाणी शिरू नये म्हणून. बटण दाबलं. रिकाम्या बाकड्यावर दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

आईने नात सुनेच्या मांडीवर ठेवली.

"दिव्यावरून माणसाची परीक्षा घेऊ नका," वायरमन म्हणाला. "चमत्कार दिसला की आधी वायर तपासा. आणि ती जोडणाऱ्यालाही."

बाबा केव्हा सटकले, कोणी पाहिलं नाही. लोक वायरमनभोवती जमले होते. आता पाया पडायला नव्हे. आमच्याही घरचे जोड उकरून दाखव, म्हणत होते.